डोळ्यांचाही रोजा

रमजानचा चांद दिसायला दोन दिवस असताना मोहल्ल्यातल्या मुलांचा फोन आला. चौकात शुभेच्छांचा फ्लेक्स लावायचा होता. "सर, मजकूर एकदा बघून द्या," असं म्हणून त्यांनी डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. हिरवा घुमट, चंद्रकोर, दोन कंदील, एका बाजूला काबागृहाचा फोटो, खाली मराठीत 'सर्व बांधवांना रमजान मुबारक' आणि वर मोठ्या सोनेरी अक्षरांत तेच दोन शब्द उर्दूत. मी मराठी मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले, एका नावातली वेलांटी दुरुस्त करायला सांगितली आणि पसंतीचा अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स झळकला. मुलांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. मीही एका फोटोत आहे.

चौथ्या रोजाला, असरची नमाज आटोपून बाहेर पडताना, कातिबचाचांनी माझा हात धरला. आमच्या मिरजेत त्यांना सगळे याच नावानं ओळखतात. कातिब म्हणजे लेखनिक, हातानं सुंदर अक्षर लिहिणारा. वय आता ऐंशीच्या घरात आहे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने हातानं लिहिण्यात घालवली. त्यांनी मला फ्लेक्ससमोर नेलं आणि म्हणाले, "वाच."

"रमजान मुबारक," मी म्हणालो.

"ते तुला पाठ आहे म्हणून म्हणालास. वाचलं नाहीस. आता वाच, बेटा."

मी पाहिलं आणि मान खाली गेली. अक्षरं उलटी होती. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, इथं ती डावीकडून उजवीकडे मांडली होती. शिवाय एकही अक्षर दुसऱ्याला जोडलेलं नव्हतं. 'मुबारक' लिहिताना मीम, बे आणि अलिफ ही तीन अक्षरं एकमेकांचा हात धरून चालतात, मग रे आणि काफ सुटे उभे राहतात. फ्लेक्सवर पाचही अक्षरं एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखी रांगेत उभी होती, तीही उलट्या रांगेत. मराठी वाचकाला कल्पना यावी म्हणून सांगतो: चौकात मोठ्या सोनेरी अक्षरांत 'गणपती'ऐवजी 'तीपणग' लिहिलं असतं, तर जे झालं असतं तेच.

संगणकाच्या काही प्रोग्रॅमना ही लिपी जोडायची कशी, हे शिकवलेलंच नसतं. छापणाऱ्या मुलाला उर्दू येत नाही, त्याचा दोष नाही. दोष माझा. मी उर्दू शाळेत शिकलो. चार दिवसांत त्या फ्लेक्सखालून शेकडो माणसं गेली, त्यांतली कितीतरी माझ्यासारखीच शिकलेली. सगळ्यांनी पाहिलं, पण कुणाला दिसलं नाही.

त्या रात्री तरावीह आटोपून घरी आल्यावर मी फोन उघडला आणि चार दिवसांत आलेली शुभेच्छांची चित्रं मोजली. सत्तेचाळीस. त्यांतल्या तीन चित्रांतली अक्षरं अशीच तुटलेली होती. त्या तिन्हींना मी 'जजाकल्लाह' असं उत्तर पाठवलं होतं.

बोरू आणि नुक्ता

मशिदीत तुम्हाला माणसांची, प्राण्यांची चित्रं दिसणार नाहीत. उपासनेच्या जागी चित्र नको, हा आमच्या परंपरेचा दंडक. मग कलावंताच्या हाताला काय उरलं? वेलबुट्टी, भूमितीची नक्षी आणि अक्षर. त्यातही अक्षर सगळ्यांत मानाचं, कारण ते कुरआनचं वाहन. ज्या हातांनी एरवी चित्रं काढली असती, त्यांतले बरेच हात अक्षराकडे वळले.

साधन एकच, बोरू. आपल्याकडे मोडीचे कागद ज्या बोरूनं लिहिले गेले, तोच. टोक तिरकं छाटायचं, मधोमध बारीक चीर द्यायची. तो बोरू कागदावर टेकवून किंचित ओढला की एक चौकटीचं टिंब उमटतं, पत्त्यांतल्या चौकटसारखं. त्याला नुक्ता म्हणतात. हा नुक्ता हेच माप. कोणत्या शैलीत अलिफ किती नुक्त्यांचा उभा राहायचा, बेची होडी किती नुक्त्यांची पसरायची, हे ठरलेलं. या मोजमापाचं श्रेय दहाव्या शतकातला बगदादचा वजीर इब्न मुक्ला याला दिलं जातं. उस्ताद शिष्याला महिनोन्महिने एकच अक्षर गिरवायला लावत. चाचा सांगतात, त्यांच्या उस्तादांनी पहिले तीन महिने अलिफच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. "एक सरळ उभी रेघ. वाटतं काय अवघड आहे? पण ती रेघ सरळ नसतेच. तिला कंबर असते."

हे मला ठाऊक नव्हतं. जन्मल्यापासून जी अक्षरं पाहतो आहे, त्यांतल्या पहिल्या अक्षराला कंबर असते हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं.

एकाच दगडावरची पोथी आणि कुरआन

छपाई आली आणि कला संपली, असं म्हणणं सोपं आहे. इतिहास तसं सांगत नाही.

अरबी लिपी यंत्राला पहिल्यापासून जड गेली. युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई फोफावली, कारण तिथली अक्षरं मुळातच सुटी. १५३७-३८ च्या सुमारास व्हेनिसमध्ये एका छापखान्यानं सुट्या खिळ्यांनी संपूर्ण कुरआन छापला. पूर्वेकडे विकावा, असा बेत असावा. पण अक्षरांच्या इतक्या चुका राहिल्या की तो वाचणाऱ्यांच्या उपयोगाचाच नव्हता. पुढं त्याच्या सगळ्या प्रती नष्ट झाल्या, असंच मानलं जात होतं. १९८७ मध्ये व्हेनिसमधल्याच एका मठाच्या ग्रंथालयात एक प्रत सापडली. म्हणजे आमच्या चौकातल्या फ्लेक्सची गोष्ट जवळजवळ पाचशे वर्षं जुनी आहे!

अडचण सोडवली ती दगडानं. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डर यानं शिळाछापाची युक्ती शोधली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं लिहायचं, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी आणि तेल एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे शाई फक्त लिहिलेल्या जागी बसते. कागद दाबला की हातानं लिहिलं तसंच उमटतं. खिळे नकोत, अक्षरं तोडायला नकोत. कातिबानं पिवळ्या लेप दिलेल्या कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरवायचं आणि हव्या तेवढ्या प्रती काढायच्या.

हिंदुस्थानात ही शिळाप्रेस घरोघर पोचली. आपल्या आज्यांच्या देवघरातल्या कितीतरी जुन्या पोथ्या शिळाप्रेसवरच छापलेल्या. लखनौमध्ये १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांनी जो छापखाना काढला, तिथं शिळेवर कुरआन छापले गेले आणि तुलसीदासांचं रामायणही. नवल किशोर हिंदू, त्यांचे कातिब आणि कारागीर दोन्ही धर्मांचे. ज्या घरात हस्तलिखित कुरआन विकत घेण्याची ऐपत कधीच नव्हती, त्या घरातल्या कोनाड्यात कुरआन आला. मी याला कलेची हानी म्हणायला तयार नाही. हजारो प्रती निघत होत्या, पण प्रत्येक प्रतीच्या मुळाशी एक बोरू होता आणि बोरू धरणारा एक माणूस.

रोजच्या वर्तमानपत्रातून तो माणूस बाजूला सरला माझ्या डोळ्यांदेखत. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी 'नूरी नस्तालीक' हा संगणकी टाइप आणला. गंमत पाहा, तोही हातानंच लिहिलेला. अक्षरांचे हजारो जोड त्यांनी स्वतः लिहून यंत्राला दिले. पुढं १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीनं 'इनपेज' हा प्रोग्रॅम काढला आणि काही वर्षांत देशभरातल्या उर्दू वर्तमानपत्रांतल्या कातिबांच्या बैठका उठल्या. कातिबचाचा तेव्हाच मिरजेला परतले. काही दिवस लग्नपत्रिका लिहिल्या. मग पत्रिकाही संगणकावर गेल्या. आता कुणी गेलं, तर कबरीच्या दगडावरचं नाव लिहून घ्यायला लोक त्यांच्याकडे येतात. "माणसं मेल्यावर तरी अक्षर चांगलं हवं असतं," ते हसत म्हणतात.

जगात सर्वांत जास्त छापला गेलेला हात

एक प्रश्न विचारतो. आज जगात कोणत्या माणसाचं हस्ताक्षर सर्वांत जास्त छापलं गेलं असेल?

माझ्या मते तो मान उस्मान ताहा यांचा. १९३४ साली सीरियातल्या हलब शहराजवळ जन्मलेले हे खुशनवीस. मदिनेत १९८४ साली किंग फहद यांच्या नावानं कुरआन छापण्याचं मोठं संकुल उभं राहिलं. त्याच्यासाठी उस्मान ताहांनी संपूर्ण कुरआन हातानं लिहिला, एकदा नव्हे, अनेकदा. ६०४ पानं, प्रत्येक पानावर १५ ओळी आणि जवळजवळ प्रत्येक पान आयतीच्या शेवटाशीच संपतं. या हस्ताक्षराच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या. हजहून परतणाऱ्या यात्रेकरूंना तिथून ही प्रत भेट मिळते. मिरजेतही कितीतरी घरांत ती आहे. माझ्या घरात दोन आहेत.

रमजानमध्ये रोज एक पारा, म्हणजे साधारण वीस पानं वाचण्याची अनेकांची शिस्त असते. महिन्याभरात तिसावा पारा पूर्ण होतो. मी कित्येक वर्षं असं वाचत आलो. आपल्याकडच्या जाड, ठसठशीत वळणाच्या प्रतीतून वाचायची सवय, तरी मधूनमधून ही मदिनेची प्रतही उघडतो. शेवटच्या पानांवर लिहिणाऱ्याचं नाव असतं. ते मी या वर्षी, कातिबचाचांनी दाखवल्यावर, पहिल्यांदा वाचलं. आपल्याकडच्या प्रती ज्यांनी लिहिल्या त्या कातिबांची नावं तर विचारायलाच नको.

म्हणजे इतकं कौशल्य, इतक्या प्रती, इतके डोळे, आणि तरी त्या अक्षराकडे अक्षर म्हणून पाहणारे थोडेच. लिहिणाऱ्याला याचं दुःख नसेल. त्यानं ते इबादत म्हणून लिहिलं, वाचणाऱ्याचं लक्ष अर्थाकडे जावं म्हणूनच लिहिलं. पण वाचणारा म्हणून माझ्यावर काहीच जबाबदारी नाही का?

मळवलीची लक्ष्मी

हे फक्त आमच्या घरात घडतं असं नाही. शेजारच्या घरात डोकावू या.

त्रावणकोरचे राजा रविवर्मा मोठे तैलचित्रकार. त्यांची चित्रं राजवाड्यांत लागत. दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं की चित्रांना मागणी इतकी आहे, की छापूनच ती पुरी करता येईल. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा छापखाना सुरू झाला. शकुंतलेच्या जन्माचं चित्र तिथं पहिल्यांदा छापलं गेलं. पुढं छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. फ्रिट्झ श्लायशर नावाचे जर्मन तंत्रज्ञ तिथं काम पाहत आणि पुढं तेच त्याचे मालक झाले. यंत्राच्या पोटात तोच दगड होता, एकेका रंगाला एकेक. त्याआधीच, १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं पुण्यात चित्रशाळा निघाली होती आणि तिची रंगीत चित्रं मराठी घरांत पोचू लागली होती.

या छापील चित्रांनी काय केलं? ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांच्याही झोपडीत देव आला. त्याला पुजाऱ्याची परवानगी लागली नाही, चार पैसे लागले. कलेच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट क्वचित घडली असेल. आणि लोकांनी ती चित्रं नुसती टांगली नाहीत. घरच्या बायकांनी रविवर्म्याच्या लक्ष्मीला खरी जर लावली, सरस्वतीच्या पदराला टिकल्या शिवल्या, मोती डकवले. अशी सजवलेली चित्रं आजही जुन्या वाड्यांत आणि संग्राहकांकडे पाहायला मिळतात. छापील प्रतीवर आपला हात फिरवून तिला त्यांनी पुन्हा एकुलती एक केलं. पदर कुठं वळतो, चुणी कुठं पडते हे पाहिल्याशिवाय जर लावता येत नाही. ती दाद होती.

पुढं चित्रांचा पूर आला. दिनदर्शिका, आगपेट्या, उदबत्तीचे पुडे, मिठाईचे खोके. रघुवीर मुळगावकरांची देवादिकांची चित्रं कॅलेंडरांवरून महाराष्ट्राच्या घराघरांत गेली आणि वर्ष संपल्यावरही लोकांनी ती फेकली नाहीत, चौकटीत बसवली. मेरठचे हसन रझा राजा यांनी कॅलेंडरांसाठी हिंदू देवदेवतांची चित्रं रंगवली. शिवकाशीच्या एकाच गावात लक्ष्मीही छापली जाते आणि मक्का-मदिनाही. किराणा दुकानातून मिळालेलं कॅलेंडर माझ्या भिंतीवर येतं तसंच माझ्या मित्राच्याही. या अर्थानं छपाईनं आपल्याला एकाच गल्लीत आणून सोडलं.

मग बिघडलं कुठं? काही वर्षांपूर्वी बडोद्याला गेलो होतो. तिथल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. मी थोडा नाइलाजानंच आत गेलो. मनात म्हटलं, कॅलेंडरात पाहिलेलंच पाहायचं. आत गेल्यावर पाय थबकले. कातडीचा रंग, त्यावर पडलेला उजेड, रेशमाची सळसळ, सगळं निराळं. आणि त्याहून निराळं म्हणजे माझ्या मनात आलेला विचार: हे चित्र मी हजार वेळा पाहिलं म्हणून आजवर एकदाही पाहिलं नाही.

जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांनी १९३५-३६ मध्ये यंत्रयुगातल्या कलाकृतीवर एक निबंध लिहिला. प्रतीमध्ये मूळ वस्तूचं ते एकमेव असणं, तिचं विशिष्ट जागी आणि वेळी असणं हरवतं आणि तिच्याभोवतीचं तेज ओसरतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच वेळी कला मूठभरांच्या हातून सुटते, हेही त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की ते तेज निम्मं चित्रात असतं आणि निम्मं पाहणाऱ्याच्या भुकेत.

भूक

रमजानबद्दल बोलताना आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो. रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, कानाचाही, डोळ्यांचाही. डोळ्यांचा रोजा म्हणजे वाईट पाहू नये, असा त्याचा अर्थ आम्ही लहानपणापासून ऐकला. या वर्षी मला त्याचा आणखी एक अर्थ सुचला.

रोज चौदा तास अन्नपाण्याशिवाय काढल्यावर मगरिबच्या अजानीला जो खजूर तोंडात जातो, त्याची चव वर्षातल्या इतर कोणत्याही खजुराला नसते. खजूर तोच, दुकान तेच, भावही माहीत असलेलाच. फरक भुकेचा. एकादशी सोडताना माझ्या हिंदू मित्रांनाही हा अनुभव येतो. दिवसभर चरत राहणाऱ्या माणसाला खजुराची चव कशी कळणार? आपले डोळे आज दिवसभर चरत असतात. सकाळच्या पहिल्या मेसेजपासून रात्रीच्या शेवटच्या रीलपर्यंत त्यांना क्षणाची उसंत नाही. त्यांना भूकच लागत नाही. मग समोर रविवर्मा आला काय, उस्मान ताहा आले काय किंवा तुटलेल्या अक्षरांचा फ्लेक्स आला काय, अंगठा सारखाच वर सरकतो.

म्हणून मला छपाईवर रागवावंसं वाटत नाही. प्रत काय करू शकते, हे सांगायला मिरजकरांना दूर जावं लागत नाही. आमच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. मूळचे कैरान्याचे, पण मिरजेचे झाले. १९३७ साली ते गेले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका देशभर गेल्या होत्या. त्यांतली झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजत असताना एका शाळकरी मुलानं ऐकली. त्या मुलाला पुढं झोपच लागेना. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गाणं शोधत घरातून पळाला. गुरूसाठी उत्तर हिंदुस्थान पालथा घातला आणि अखेर खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्या पायाशी येऊन बसला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

तीच तबकडी त्या दुकानात किती जणांनी ऐकली असेल! लाखेच्या त्या तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं, तेही खरखरणारं. मूळ मैफलीपुढं ती नक्कलच. पण त्या मुलाच्या घरात सकाळ-संध्याकाळ गाणी ओतणारा नळ नव्हता. त्याचे कान भुकेले होते. प्रत त्याच्यासाठी दार ठरली. बाकीच्यांसाठी तीच तबकडी दुकानातला आवाज राहिली असेल. दोष तबकडीचा नव्हता आणि श्रेयही एकट्या तबकडीचं नव्हतं. दर उरुसात खाँसाहेबांच्या आठवणीसाठी दर्ग्यात गाणाऱ्यांची हजेरी लागते, तेव्हा मला त्या न दिसलेल्या दुकानाची आठवण येते.

दुसरा फ्लेक्स

फ्लेक्सचं काय झालं, ते सांगायचं राहिलं.

मी मुलांना घेऊन कातिबचाचांकडे गेलो आणि चूक कबूल केली. नवा मजकूर हातानं लिहून देता का, असं विचारलं. ते म्हणाले, "लिहितो. पण इथंच बसा. लिहिताना बघा." त्यांनी रुंद टोकाचा बोरू काढला, छाटला, नखावर टेकवून पाहिला. दौतीतल्या शाईत रेशमाचा बोळा होता, शाई जास्त उचलली जाऊ नये म्हणून. हात थोडा कापत होता. कागदाला बोरू टेकला तेव्हा कापणं थांबलं. दोन शब्द लिहायला त्यांना जवळजवळ तासभर लागला. तीन कागद त्यांनी बाजूला ठेवले, आम्हाला त्यांत काहीच चूक दिसत नव्हती. चौथा कागद त्यांनी आमच्याकडे सरकवला. त्या तासाभरात मुलांपैकी एकानंही फोन काढला नाही. मी सांगितलं म्हणून नव्हे, कुणाला आठवणच झाली नाही.

तो कागद स्कॅन करून त्याच मुलाकडे त्याच यंत्रावर फ्लेक्स छापून घेतला. म्हणजे तीही प्रतच. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. "आम्ही आयुष्यभर छापण्यासाठीच लिहिलं, बेटा. छापायला कधी ना नव्हती. हात असू द्या, एवढंच."

खरं सांगायचं तर नव्या फ्लेक्सकडेही फारसं कुणी पाहिलं नाही. मी दोन दिवस मुद्दाम इफ्तारीच्या आधी चौकात उभा राहिलो. लोक नेहमीसारखे खालून जात होते. तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ सायकल थांबवून वर पाहत उभे असलेले दिसले. ओळखीचे निघाले. पूर्वी मिरजेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या होत्या, सगळे त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतात. फ्लेक्स आले आणि त्यांचा ब्रश खुंटीला लागला. त्यांना उर्दू येत नाही, एक अक्षरही वाचता येत नाही. ते बोटानं हवेत एक वळण काढत होते. मला पाहून म्हणाले, "सर, हे हातानं लिहिलंय ना? तो उभा दांडा बघा, मधे जरा बारीक होतोय. मशिनला नाही जमत ते."

अलिफची कंबर त्यांना दिसली होती.

मी त्यांना चाचांच्या घरी घेऊन गेलो. दोघे वयानं थोडे मागेपुढे. एकाचा बोरू, एकाचा ब्रश. चहा काही देता आला नाही, रोजा होता, पण दोघांचं बोलणं अजान होईपर्यंत चाललं. मी मधे बसून नुसतं ऐकलं.

पहिला फ्लेक्स आता खजूर विकणाऱ्या एका गाड्यावर ऊन आडवायला बांधला आहे. रोज संध्याकाळी मी तिथंच खजूर घ्यायला जातो. तुटलेली सोनेरी अक्षरं डोक्यावर असतात. मी ती एकेक करून वाचतो, मग पैसे देतो.

ईद जवळ येतेय. शीरखुर्म्याला नेहमीप्रमाणे घरी या. बैठकीत समोरच्या भिंतीवर चाचांनी बाजूला ठेवलेल्या तीन कागदांपैकी एक मी चौकटीत लावून घेतला आहे. त्यात काय चुकलं आहे ते मला अजून सापडलेलं नाही. तुम्हीही जरा बघा. वाटी नंतर हातात घ्या.

सर्वांना रमजान मुबारक.